आंद्रेआ डोरिया : गॅल्या भाड्याने देणारा सेनापती आणि फास्सोलोच्या भिंती

दर्याकिनारा

'आंद्रेआ डोरिया' असं शोधलं की आधी १९५६ साली 'स्टॉकहोम'शी टक्कर होऊन बुडालेलं इटालियन प्रवासी जहाज पुढ्यात येतं. हा धागा त्या जहाजाला ज्याचं नाव दिलं होतं त्या माणसाबद्दल. जन्म ३० नोव्हेंबर १४६६, ओनेल्या. मृत्यू २५ नोव्हेंबर १५६०, जेनोआ. चौऱ्याण्णव पुरी व्हायला पाच दिवस कमी.

घराणं जेनोआतल्या चार बड्या घराण्यांपैकी एक (बाकीची स्पिनोला, फिएस्की, ग्रिमाल्दी), पण याची शाखा कडकी. मग पोप आठव्या इनोसंटच्या रक्षकदलात नोकरी आणि पुढे इटलीतल्या राजेरजवाड्यांकडे तलवारीची चाकरी. समुद्राशी खरा संबंध आला पंचेचाळिशी उलटल्यावर. १५१९ मध्ये पियानोझा बेटापाशी चाच्यांचा तांडा हरवला आणि तिथून नाव झालं.

त्याला 'जेनोआचा ॲडमिरल' म्हणून सोडून देतात, ते अर्धवट आहे. गॅल्या (वल्ह्यांवर चालणारी लांबट लढाऊ जहाजं) त्याच्या स्वतःच्या होत्या. तो त्या माणसांसकट, तोफांसकट आणि स्वतःसकट ठरावीक मुदतीच्या करारावर राजांना द्यायचा. १५२२ पासून फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस, १५२६ मध्ये पोप सातवा क्लेमंट, १५२७ मध्ये परत फ्रान्सिस आणि १५२८ च्या उन्हाळ्यापासून मरेपर्यंत सम्राट पाचवा चार्ल्स (स्पेनचा राजाही तोच). या शेवटच्या करारात १२ गॅल्या होत्या आणि वर्षाचे ६०,००० डुकाट (सोन्याची नाणी). शिवाय दोन अटी: जेनोआ स्वतंत्र राहील आणि सावोना जेनोआला परत मिळेल.

यातली गंमत त्याच्या घराच्या भिंतीवरच आहे. शहराच्या पश्चिम वेशीबाहेर फास्सोलोला त्याने १५२१ मध्ये जागा घेतली आणि आधीच्या इमारती जोडून वाडा उभा केला. रस्त्याच्या बाजूने लांबच लांब लॅटिन शिलालेख आहे. त्याचा आशय असा: पोपचा, सम्राट चार्ल्सचा, फ्रान्सचा राजा फ्रान्सिसचा आणि मायभूमीचा, असा चारदा गॅल्यांचा सरदार झालेल्या आंद्रेआने दमलेल्या देहाला सन्मानाने विसावा मिळावा म्हणून हे घर स्वतःसाठी आणि वारसांसाठी नव्याने उभारलं. म्हणजे ज्या राजाला सोडलं त्याचंही नाव दारावर, तेही नव्या मालकाच्या शेजारी. लपवाछपवी नाही. आजच्या भाषेत त्याला कामाचा अनुभव म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच, की त्याचा कलाश्रय हा निवृत्तीतला छंद नव्हता. तो त्या कराराच्याच धंद्याचा भाग होता. यावर चर्चा व्हावी. चित्रांबद्दल आणि जहाजांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

उडती तबकडी

वाचतोय. पण सरळ मराठीत याला दलबदलू म्हणतात ना?

हिशेबनीस

दलबदलू म्हणण्याआधी हिशेब बघा.

६०,००० भागिले १२, म्हणजे एका गॅलीमागे वर्षाला ५,००० डुकाट. त्यात वल्हवणाऱ्यांचं खाणं, खलाशांचे पगार, शिडं, दोर, तोफांची दारू आणि दुरुस्ती असा सगळा खर्च मालकाने करायचा. गॅली बुडाली की भांडवल बुडालं. आता राजाने पैसे वेळेवर दिले नाहीत तर? माणसं रोज खातातच, राजाची तिजोरी भरलेली असो वा नसो. मग मालक कर्ज काढतो आणि व्याज सोसतो. सोळाव्या शतकातल्या गॅलीवाल्यांची मुख्य तक्रार शत्रूबद्दल नसते, थकबाकीबद्दल असते.

१५२८ मध्ये नेमकं हेच झालं. २८ एप्रिलला आंद्रेआचा नातलग फिलिप्पिनो डोरिया याने सालेर्नोच्या आखातात कापो दोर्सोपाशी स्पॅनिश आरमार फोडलं. सेनापती ह्युगो दे मोंकादा मारला गेला. आल्फोन्सो दाव्हालोस आणि आस्कानियो कोलोन्ना यांच्यासारखे बडे सरदार हाती लागले. असे कैदी म्हणजे रोकड, कारण सुटकेची रक्कम पकडणाऱ्याची. फ्रान्सिसने कैदी स्वतःकडे मागितले. पगार थकलेला, वर हे. त्यात फ्रान्सने सावोना बंदराला जेनोआच्या डोक्यावर बसवायला घेतलं होतं. सावोना मोठं झालं की जेनोआचा व्यापार गेला.

जून अखेरीला कराराची मुदत संपली. त्याने नवा करार फ्रान्सशी केला नाही. मुदत संपल्यावर गिऱ्हाईक बदललं, एवढंच.

दर्याकिनारा

@हिशेबनीस, कैद्यांचा मुद्दा छान मांडलात. त्यातली पुढची कडी अशी, की दाव्हालोस आणि कोलोन्ना यांनीच डोरियाच्या ताब्यात असताना त्याचं मन चार्ल्सकडे वळवायला मदत केली. कैदीच मध्यस्थ झाले.

@उडती तबकडी, नैतिक निवाडा ज्याचा त्याने करावा. परिणाम मात्र मोजता येतो. फ्रेंच फौज तेव्हा लोत्रेकच्या हाताखाली नेपल्सला वेढा घालून बसली होती आणि समुद्राची बाजू फिलिप्पिनोच्या गॅल्यांनी अडवली होती. त्या गॅल्या उठल्या आणि नेपल्समध्ये धान्य आत जायला लागलं. वेढा घालणारेच रोगराईने मरायला लागले, ऑगस्टमध्ये खुद्द लोत्रेक गेला. एका कराराचं नूतनीकरण झालं नाही आणि फ्रान्सच्या हातातून नेपल्स निसटलं.

१२ सप्टेंबर १५२८ ला डोरिया जेनोआत शिरला. दोज, म्हणजे जेनोआच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, व्हायची संधी समोर असताना त्याने ते पद घेतलं नाही. दोजची मुदत दोन वर्षांची केली. शहरात सहा किंवा जास्त उंबरे असलेली २८ घराणी धरून बाकीच्या खानदानी कुटुंबांना त्यांत वाटून टाकलं, म्हणजे जुनी भांडणं मोडावीत. स्वतःकडे ठेवलं ते अधिकाऱ्यांच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या मंडळाचं तहहयात प्रमुखपद. खुर्ची दुसऱ्याची, हिशेबाची वही आपली. १५३१ मध्ये चार्ल्सने मेल्फीचं प्रिन्सपद दिलं. जेनोआच्या 'पिआझ्झा प्रिन्चिपे' स्टेशनच्या नावातला प्रिन्स तो हाच.

वल्हेकरी

गॅलीबद्दल थोडं, कारण त्याशिवाय या माणसाचे लढाईतले निर्णय कळत नाहीत.

१५३०-४० च्या सुमाराची साधी गॅली म्हणजे चाळीसेक मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद. होडीपेक्षा सुरी म्हणा. दोन्ही बाजूंना साधारण २४ बाकं, बाकावर तीन माणसं, प्रत्येकाचं वल्हं वेगळं. म्हणजे १४४ वल्ही. बाक तिरकं असतं, त्यामुळे तिन्ही वल्ह्यांची लांबी वेगळी आणि ती एकमेकांना न अडकता चालवणं हे कसबाचं काम. एकाचा ताल चुकला की तिघांची वल्ही एकमेकांवर आपटतात आणि मागच्या बाकावरच्याची कंबर मोडते. शतकाच्या मध्यानंतर एका बाकाला एकच जाड वल्हं आणि त्यावर तीन ते पाच माणसं अशी पद्धत रूढ झाली. कारण सोपं: बाकावर एक जाणता पुरतो, बाकीचे नुसते ओढतात. शिक्षा झालेले कैदी आणि गुलाम भरायचे तर हेच परवडतं.

तोफा नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला. मधोमध एक जड, बाजूला लहान. ती डावी-उजवी फिरत नाही, म्हणून नेम धरायचा म्हणजे अख्खी गॅली वळवायची.

आता पाणी. वल्हवणाऱ्याला उन्हात दिवसाला निदान दोन लिटर लागतं, नाहीतर तो बाकावरच आडवा होतो. १४४ वल्हेवाले, खलाशी आणि सैनिक धरून अडीचशे डोकी. रोजचे ५०० लिटर, दहा दिवसांचे ५,००० लिटर, म्हणजे पाच टन वजन त्या सुरीवर. यापेक्षा फार जास्त भरलं तर वल्ही पाण्यात खोल बुडायला लागतात. म्हणून गॅलीचं आरमार किनारा सोडून फार लांब जाऊ शकत नाही, दर थोड्या दिवसांनी पाण्याचं ठिकाण हवंच. शिवाय तळाला चरबी चोपडावी लागते. शेवाळ आणि शंख चिकटले की वेग गेला, आणि वेग गेला की गॅलीला दुसरं काही उरत नाही. हे काम मोसमात पुन्हापुन्हा करायचं: किनाऱ्याशी एका कुशीवर कलती करायची, घासायची, गरम चरबी लावायची, मग दुसरी कूस. त्या वेळात शत्रू आला तर संपलं.

हिवाळ्यात बंदरात. डोरियाच्या नावावर खपवलं जाणारं एक वचन आहे, की भूमध्य समुद्रात बंदरं चारच: जून, जुलै, ऑगस्ट आणि माओन (मिनोर्का बेटावरचं बंदर). ते त्याचं असो नसो, खरं आहे.

अनामिका_क

मग आपलं गलबत म्हणजे गॅलीच का? नावही जवळचं वाटतं.

वल्हेकरी

नाही. आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत सत्तरेक टनांपर्यंतचं, दोन डोलकाठ्या, ४०-५० वल्ही, आणि मुख्य भिस्त शिडावर. वारा पडला की वल्ही. त्यातली गुराब जास्त जवळची, कारण तिचीही नाळ गॅलीसारखी पुढे निमुळती निघालेली असते आणि नाळेवरून तोफा सरळ पुढे डागतात. पण गुराब शिडाचं जहाज आहे. वारा पडला की तिला गलबतं दोरांनी ओढून नेत. वल्ह्याला बेड्या घालून माणसं बांधायचा भूमध्यसागरी कारखाना हा वेगळाच प्रकार.

उडती तबकडी

ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या प्रेवेझाच्या लढाईचं काय मग? तिथे तर सरळ पळाला. का तेही करारात होतं?

वल्हेकरी

एका अर्थी होतंच.

२८ सप्टेंबर १५३८. पोप, व्हेनिस आणि चार्ल्स यांचं एकत्र आरमार, समोर तुर्की आरमाराचा सेनापती खैरुद्दीन बार्बारोसा. बार्बारोसा आखाताच्या तोंडाशी किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला. म्हणजे त्याच्याकडे पाणी, अन्न आणि सावली, बाहेरच्यांकडे मोजके दिवस. डोरियाने दक्षिणेकडे सरकून त्याला बाहेर काढायचा डाव केला. तो बाहेर आलाही. पण वारा पडला. गॅल्या वल्ह्यांवर चालतात, मालवाहू आणि मोठी शिडाची जहाजं जागच्या जागी. अलेस्सांद्रो कोंदालमिएरोचं मोठं व्हेनेशियन गॅलियन एकटं मागे राहिलं आणि दिवसभर तुर्की गॅल्यांना तोफांनी दूर ठेवत राहिलं. डोरिया मात्र आपल्या गॅल्या घेऊन खोल समुद्रात रांगा बदलत बसला, भिडलाच नाही. रात्री वारा सुटल्यावर निघून गेला.

व्हेनिसवाल्यांनी याला विश्वासघात म्हटलं. माझ्या मते दोन गोष्टी एकत्र आल्या. वाऱ्यावाचून अर्धं आरमार निकामी, हे एक. आणि ज्याच्या गॅल्या त्याचंच भांडवल, हे दुसरं. जिंकला असता तर फायदा मुख्यतः व्हेनिसचा, हरला असता तर नुकसान स्वतःचं. अशा माणसाला सेनापती नेमायचं तर हे धरूनच चालावं लागतं.

उलट उदाहरणही आहे. १५४१ मध्ये अल्जिअर्सवर ऑक्टोबरात जाऊ नका असं त्याने चार्ल्सला सांगितलं होतं. चार्ल्स गेला. वादळ आलं आणि ताफ्यातली दीडशेच्या आसपास जहाजं किनाऱ्यावर फुटली. मेक्सिको जिंकणारा एर्नान कोर्तेस त्या मोहिमेत होता, त्याचीही वाताहत झाली.

चुनकळी

चित्रांकडे येते. धाग्याचं नाव भिंतींवर आहे आणि अजून भिंतीला कोणी हात लावला नाही.

१५२७ मध्ये रोमची लूट झाली. राफाएलच्या हाताखाली तयार झालेला पेरिनो देल वागा तेव्हा रोममध्ये होता. सैनिकांनी पकडलं, सुटकेचे पैसे उकळले, काम बंद पडलं. डोरियाच्या पदरी निकोला नावाचा व्हेनिसचा भरतकाम करणारा उस्ताद होता, त्याने पेरिनोला जेनोआला यायला राजी केलं. एका भरतकाम्याने चित्रकार आणला हे लक्षात ठेवा, कारण या वाड्यात गालिचे, पडदे आणि भित्तिचित्रं एकाच नजरेने योजली आहेत. पुढे पेरिनोच्या आराखड्यांवरून भिंतीवर टांगायचे विणीव पडदेही झाले.

मुख्य जागा तीन. बागेकडची वीरांची ओसरी: डोरिया घराण्यातले बारा पूर्वज रोमन चिलखतात बसलेले. तिच्या दोन टोकांना दोन दालनं. एकात छतावर ज्युपिटर राक्षसांवर वीज टाकतोय, वर ढगांत देव, खाली कोसळलेले राक्षस. दुसऱ्यात नेपच्यून आणि फुटलेली जहाजं होती. 'होती' म्हणते, कारण ते चित्र आज नाही. का नाही, ते सांगते.

राक्षसांचं चित्र ओल्या चुन्यावर आहे. पद्धत अशी. कळीचा चुना भरपूर पाण्यात विरवून महिनोन्महिने मुरवतात. भिंतीवर आधी जाड वाळूचा खरबरीत थर, तो वाळल्यावर त्यावर बारीक वाळूचा पातळ गिलावा. हा वरचा गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा. ओल असेपर्यंत, म्हणजे हवामानानुसार सहा-आठ तास, पाण्यात कालवलेला रंग मारायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड बनतो आणि रंगाचे कण त्या दगडात अडकतात. गोंद नाही, तेल नाही. संध्याकाळी न रंगवलेला गिलावा सुरीने तिरका छाटून टाकायचा, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. हे जोड तिरप्या उजेडात आजही दिसतात. जोड मोजले की चित्राला किती दिवस लागले ते कळतं.

बिघडतं कुठे? गिलावा सुकल्यावर रंग मारला की तो वरच्यावर राहतो आणि पुढे पापुद्रे निघतात. काही निळे रंग चुन्यात टिकत नाहीत म्हणून ते सुक्या भिंतीवर सरसात लावतात. म्हणून जुन्या भित्तिचित्रांत आकाश सगळ्यात आधी झडलेलं दिसतं.

नेपच्यूनचं चित्र तेलरंगात होतं. तेलात रंग खोल येतो, घाई नसते, हवं तेव्हा दुरुस्ती करता येते. पण तेलाचं आवरण भिंतीचा श्वास कोंडतं. बंदरालगतची भिंत, खारी हवा, आतली ओल बाहेर यायला बघते. वाट नाही म्हटल्यावर ती क्षार घेऊन तेलाच्या आवरणामागे साठते, क्षाराचे स्फटिक फुगतात आणि रंग सोलून काढतात. समुद्राच्या देवाचं चित्र समुद्राच्याच ओलीने गेलं.

अनामिका_क

म्हणजे अजिंठ्यासारखंच तंत्र ना?

चुनकळी

नाही, हा घोटाळा फार वेळा होतो. अजिंठ्याला माती, भुसा वगैरेंच्या गिलाव्यावर पातळ पांढरा हात देऊन, तो सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. तिथे रंग चुन्यात बांधला जात नाही. म्हणून अजिंठ्याचा मोठा शत्रू पाणी आणि माणसांच्या श्वासाची दमट हवा. जतनाचे उपायही वेगळे.

दर्याकिनारा

@चुनकळी ताई, जिरोलामो आणि पेरिनोच्या कार्टूनचा किस्सा पण सांगा ना.

चुनकळी

सांगते. कार्टून म्हणजे इथे व्यंगचित्र नव्हे, चित्राच्या पूर्ण मापाचा कागदी आराखडा. रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी भोकांवर आपटायची. ठिपके उमटतात, त्यावरून रंगवायचं. ओल्या चुन्यावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधी कागदावर.

पेरिनोच्या आधी जिरोलामो दा त्रेविझो नावाचा चित्रकार तिथे बागेकडची एक बाजू रंगवत होता. पेरिनो आराखडे करत बसलाय हे बघून तो कुत्सितपणे म्हणत फिरायचा, की कागद काय करायचेत, माझी कला माझ्या कुंचल्याच्या टोकावर आहे. पेरिनोच्या कानावर गेलं. त्याने भांडण केलं नाही. आपला आराखडा छताला, जिथे चित्र यायचं तिथेच लावला, खालच्या परांचीच्या फळ्या जागोजागी काढून टाकल्या आणि दालन उघडं ठेवलं. अख्खं जेनोआ दिवसभर मान वर करून बघायला लोटलं. जिरोलामोही आला, बघितलं आणि निरोपही न घेता बोलोन्याला निघून गेला. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने हे नोंदवून ठेवलंय. थोडं मीठमसाला असेल, पण तंत्राचा धडा पक्का आहे.

ओसरीच्या छतावरचं गिलाव्याचं नक्षीकामही बघा. चुना आणि संगमरवराची पूड, हाताने आणि साच्याने काढलेलं. प्राचीन रोमन कृती राफाएलच्या कार्यशाळेत पुन्हा जुळवली गेली आणि पेरिनो ती जेनोआला घेऊन आला. तिथून पुढे शंभर वर्षं जेनोआतल्या प्रत्येक सावकाराला घरात हेच हवं होतं.

हिशेबनीस

आता माझा मुद्दा पूर्ण करतो. पाचवा चार्ल्स १५२९ मध्ये जेनोआला उतरला, १५३३ मध्ये परत आला आणि डोरियाकडे राहिला. म्हणजे गिऱ्हाईक घरी मुक्कामाला. ज्युपिटरच्या छताखाली त्याला बसवायचं: बंडखोर राक्षसांवर वीज टाकणारा तो तुम्ही, हे न बोलता सांगायचं. समोरच्या टोकाला नेपच्यून: समुद्र आवरणारा तो मी. आणि मधल्या ओसरीत बारा पूर्वज: मी काल आलेलो नाही. तीन दालनांत पूर्ण करारनामा, फक्त आकडे नाहीत.

ज्याच्या घराण्याच्या शाखेला पैसे नव्हते आणि ज्याने चार धनी पाहिले, त्याला हे चुन्यात लिहून घेणं भागच होतं.

उडती तबकडी

हे पटलं. पण एक राहतंय. १४४ माणसं बाकाला बांधलेली, तेही गुणिले १२. त्यांच्याबद्दल दोन ओळी पण नाहीत, चुन्याबद्दल चार परिच्छेद.

वल्हेकरी

रास्त. वल्हेवाले तीन प्रकारचे. शिक्षा झालेले कैदी. गुलाम, म्हणजे मुख्यतः उत्तर आफ्रिकेतून आणि तुर्की जहाजांवरून पकडलेले मुसलमान. आणि 'स्वखुशीचे', ज्यांतले बरेच कर्ज फिटेना म्हणून आलेले. कैद्यांचं डोकं आणि दाढी सफाचट, गुलामांच्या डोक्यावर शेंडी ठेवलेली, स्वखुशीवाल्यांना मिशा ठेवायची मुभा. पळाला तर कोण पळाला हे लांबून कळावं. जेवण म्हणजे दोनदा भाजलेला कडक पाव, दिवसाला पाऊण किलोच्या आसपास, आणि कडधान्याचं पातळ कालवण. झोप बाकावरच.

गुलाम ही मालमत्ता होती आणि लुटीत त्यांचा हिशेब व्हायचा. फास्सोलोच्या भिंतींचा पैसा याच बाकांवरून आला, यात आडपडदा ठेवायचं कारण नाही. समुद्राच्या पलीकडेही हेच चालायचं. १५४० मध्ये आंद्रेआचा मानलेला वारस जान्नेत्तिनो डोरिया याने कॉर्सिकाच्या जिरोलाता खाडीत तुर्की चाच्यांचा म्होरक्या तुर्गुत रईसला पकडला, तो गॅली कलती करून तळ साफ करत असताना. वर सांगितलं तेच. तुर्गुतने सुमारे चार वर्षं वल्हं मारलं. १५४४ मध्ये ३,५०० डुकाटांवर सुटला आणि पुढे वीस वर्षं त्याने त्याची वसुली केली. १५५२ मध्ये पोन्झापाशी डोरियाच्या सात गॅल्या त्याच्या हाती लागल्या.

चुनकळी

बाकावरून सुटलेल्यांत एक शिल्पकारही आहे. लेओने लेओनी. १५४० मध्ये रोममध्ये पोपच्या जवाहिऱ्यावर हल्ला केला म्हणून उजवा हात तोडायची शिक्षा झाली, ती बदलून गॅलीवर पाठवलं. साधारण वर्षभराने डोरियाने त्याला सोडवलं. लेओनीने उतराई म्हणून डोरियाची पदकं घडवली: पुढे म्हाताऱ्या डोरियाचा चेहरा, खांद्यामागे त्रिशूळ. त्यातल्या एका पदकाच्या मागच्या बाजूला लेओनीने स्वतःचाच चेहरा घातलाय आणि भोवती कड म्हणून बेड्या आणि साखळ्या. पदक तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. पुढची बाजू सोडवणाऱ्याची, मागची सुटलेल्याची. ते बघितल्यावर 'आश्रयदाता' या शब्दाचं वजन कळतं.

अनामिका_क

ब्रॉन्झिनोच्या चित्रातही त्रिशूळच आहे ना? उघडाबंब नेपच्यून?

चुनकळी

हो, मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. कमरेशी शिडाचं कापड सावरलेलं, मागे डोलकाठी, तिच्यावर नाव. पाओलो जोव्हियो नावाच्या विद्वानाने आपल्या थोरामोठ्यांच्या चित्रसंग्रहासाठी ते करवून घेतलं. पण ब्रॉन्झिनोने हातात वल्हं दिलं होतं. त्याचा त्रिशूळ नंतर कोणीतरी वरून रंगवून केलाय.

याच्या उलट सेबास्तियानो देल पिओम्बोचं १५२६ चं चित्र. पोप क्लेमंटसाठी केलेलं. काळा अंगरखा, काळी टोपी, चेहऱ्यावर 'कामाचं बोला' असा भाव, आणि बोट खाली दगडी पट्टीकडे. त्या पट्टीवर प्राचीन रोमन शिल्पावरून घेतलेली जहाजाची चिन्हं: सुकाणू, नांगर, नाळ. दागिना एक नाही. माझ्या मते सगळ्यांत खरा डोरिया तोच.

हिशेबनीस

फिएस्कीच्या कटाबद्दल कोणी लिहिलं नाही, थोडक्यात टाकतो. २-३ जानेवारी १५४७ ची रात्र. जान लुइजी फिएस्कीच्या माणसांनी गोदीतल्या गॅल्या ताब्यात घेतल्या, आंद्रेआचा मानलेला वारस जान्नेत्तिनो वेशीपाशी मारला गेला, आणि ऐंशीचा आंद्रेआ मासोनेच्या गढीकडे निसटला. कट जिंकलाच होता. बाकांवरचे वल्हेवाले गडबड करताहेत म्हणून फिएस्की स्वतः गॅलीवर चढायला गेला, फळी सरकली, अंगात चिलखत, सरळ तळाशी. सकाळी कटाला पुढारीच नव्हता. डोरिया परतला, सूड अगदी सावकाश आणि पुरा घेतला आणि निवडणुकीचे नियम जुन्या घराण्यांच्या सोयीने वळवले. लोकांनी त्या कायद्याला 'गारिबेत्तो' असं कुचकं नाव ठेवलं.

अनामिका_क

जेनोआला कोणी जाणार असेल तर कुठून कसं बघावं?

दर्याकिनारा

प्रिन्चिपे स्टेशनला उतरा, वाडा चालत काही मिनिटांवर आहे. नाव 'विल्ला देल प्रिन्चिपे', आजही डोरिया-पाम्फिली घराण्याचा. वरची बाग रेल्वेने कापली, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनेही नुकसान केलं, तेव्हा टेकडीपासून समुद्रापर्यंतचा मूळ उतार डोळ्यांपुढे आणावा लागतो. आत शिरल्यावर आधी ओसरी, मग राक्षसांचं छत. मान दुखेल, आरसा न्या. बागेतलं नेपच्यूनचं मोठं कारंजं आंद्रेआने नाही, वारस जोव्हान्नी आंद्रेआने तादेओ कार्लोनेकडून १५९९-१६०१ मध्ये करवलं. मार्गदर्शक पुष्कळदा ते म्हाताऱ्याच्या नावावर टाकतात.

मग जुन्या शहरात सान मात्तेओ चौक. चर्चच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दर्शनी भिंतीवर घराण्याचे विजय कोरलेत. तळघरात मोंतोर्सोलीने केलेली आंद्रेआची समाधी. चौकातच एका घराच्या दारावर, हे मायभूमीच्या मुक्तिदात्याला जनतेची भेट म्हणून दिलं, असा लेख आहे. ते घर सेनेटने त्याला दिलं होतं. तो राहिला वेशीबाहेर, आपल्या गॅल्या दिसतील तिथे.

पुतळ्याची कथा वेगळीच. जेनोआने आधी बांदिनेल्लीला सांगितलं. त्याने तो अर्धाच ठेवला आणि तो नेपच्यूनरूपी डोरिया आज कारारा गावात चर्चशेजारी कारंज्यावर उभा आहे. मग मोंतोर्सोलीने दुसरा केला. तो १७९७ मध्ये क्रांतिकारकांनी पाडला. त्याचे तुकडे पलाझ्झो दुकालेत ठेवलेत: धड आहे, डोकं नाही.

उडती तबकडी

काराराचा पुतळा शोधून बघितला. हातात काही नाही, पायाशी डॉल्फिन, आणि लोक त्याला नुसतं 'राक्षस' म्हणतात असं दिसतंय.

चुनकळी

हो, 'जिगांते'च म्हणतात. छतावर ज्यांच्यावर वीज टाकली त्यांच्याच पंगतीत.